खारीने निवडलेली शाळा

नदीकाठच्या एका जंगलात एक खार आपल्या पिल्लासह राहत असे. पिल्लू भारी चौकस होते. पान पिवळेच का होते, मासा झोपतो कधी, असे विचारून ते आईला भंडावून सोडी. त्याला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा इतर आयांप्रमाणे तीही कोल्ह्याचा सल्ला घ्यायला गेली.

कोल्हा म्हणाला, "खारूताई, वडाखालची मोराची शाळा! कोणालाही विचारा, हेच नाव सांगेल. तळ्याकाठी कासवाचीही शाळा आहे म्हणा, पण पोरं मूठभर. पोहणं, खणणं, गाणं, तारे, सगळंच शिकवतात. अशानं धड एक तरी येईल का?" जंगलाचा राजा हत्ती, त्याचे शहाणे सल्लागार त्याच तळ्याकाठी शिकले होते, हे मात्र त्याने सांगितले नाही. मोराने धाडलेली बोरे रोज खाणारा तो, कशाला सांगेल?

खारीने पिल्लाला मोराच्या शाळेत ठेवले. काही महिन्यांनी ती त्याला भेटायला गेली. मोराने खारीचे एक पिल्लू पुढे ढकलले. "हे घ्या तुमचं बाळ. हुशार आहे हो!"

"हे माझं नाही!"

"खारीची पिल्लं सगळी सारखीच," मोर पिसारा सावरत म्हणाला. तिचे पिल्लू मागच्या रांगेतून आईकडे टकामका बघत होते. विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, असा तिथला नियम होता.

खारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोलकं पोर दिलं होतं तुमच्या हाती, त्याचा दगड केलात! समोर आई उभी असून त्याला हाक मारता येईना, आणि म्हणे शिक्षण!" तिने पिल्लाला ओढतच बाहेर काढले. वाटेत कोल्हा आडवा आला. "एवढी मोठी शाळा सोडता? लोक हसतील."

"हसू देत! तुम्ही बोरं खाल्लीत, भोगलं माझ्या पोरानं!"

तळ्याकाठी कासवाने आधी पिल्लाला जवळ बसवले. "तुला काय विचारायचंय, बाळ?" पिल्लू गप्प. कासवाने घाई केली नाही. ते रोज पिल्लाला घेऊन हिंडे, माती उकरे, पाण्यात उतरे आणि पुन्हा तेच विचारी. अखेर एके दिवशी आई भेटायला आली असताना पिल्लाने तोंड उघडले. ते आईकडे वळले आणि रागाने लाल होत म्हणाले, "तू मला तिथं का घातलंस?"



तात्पर्य : शाळेला किती जण ओळखतात हे विचारण्याआधी, ती आपल्या लेकराला ओळखेल का, हे स्वतः जाऊन पाहावे.