तुडुमाची पाळ

हिरडाटोल्याहून पॅसेंजर सुटली की थोड्याच वेळात ती एका उंच भरावावर चढते. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, मधून हा भराव आणि भरावाच्या पोटात एक दगडी मोरी. याला तुडुमाची पाळ म्हणतात. गाडी पाळीवर आली की डब्यातली निम्मी माणसे उठून उभी राहतात. कोणी काही बोलत नाही, हात जोडत नाही, नाणे टाकत नाही. नुसते उभे राहतात. नवख्या प्रवाशाची मात्र तारांबळ उडते. जंक्शन आले असे समजून तो वरच्या फळीवरची बॅग ओढतो, बाकाखालच्या चपला शोधतो आणि दाराशी जाऊन थांबतो. तोवर पाळ सरते, बाकीचे खाली बसतात आणि हा एकटाच बॅग छातीशी धरून उभा राहतो. मग कोणीतरी त्याला सांगते की बसा, जंक्शनला अजून तासभर आहे.

हा काय प्रकार म्हणून ज्यांना चैन पडत नाही, त्यांना हिरडाटोल्याच्या हॉल्टवर शामराव लांजेवारांकडे पाठवतात. शामराव तिथे तिकिटे देतात. ही हकिकत सांगून सांगून त्यांचा जीव कंटाळला आहे. तरी खिडकी लावून ते बाहेर बाकावर येतात, कारण त्यांनी नाही सांगितली तर लोक मनाने काहीबाही रचतात. भरावाखाली माणूस पुरला आहे, बाई गाडली आहे, असले काही. तसे काहीही नाही, असे शामराव आधीच सांगून टाकतात. जे आहे ते त्याहून साधे आहे, आणि ऐकणाऱ्याला दमवणारे आहे.

रेल्वे यायच्या आधी इथे एक बोडी होती, म्हणजे लहान तलाव. या मुलखात तलाव बांधावेत ते कोहळी जमातीच्या लोकांनी, आणि ही बोडी कापगत्यांच्या कुळाने बांधलेली. तिची पाळ उंच आणि रुंद होती. पाळीच्या बुडाशी तुडुम होता, म्हणजे शेतात पाणी सोडायची दगडी वाट. पुढे छोटी लाईन आली, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे. कोणा साहेबाने कागदावर रेघ ओढली ती नेमकी या पाळीवरून गेली. तयार पाळ आहे, तिच्यावरच माती चढवा आणि रूळ टाका, असे ठरले. तुडुम तेवढा फोडून, दगडमातीने ठासून बुजवा, असा हुकूम झाला.

माती टाकायला गावचीच माणसे होती आणि त्यांचा म्होरक्या होता कापगत्यांचा आजा. त्यांच्या घरात असे मानत की एक वेळ पाळ फुटली तर पुन्हा घालता येते, पण तुडुमाला पहार लावू नये. त्याने वंश बुडतो. आज्याने काय केले, तर तुडुमाच्या तोंडावर एक शिळा सरकवली आणि वरून माती ओढली. साहेबाने विचारले, बुजवला का? आज्याने मान हलवली. तो खोटे बोलला नाही, असे त्याच्या घरचे पुढे म्हणत. खरेही बोलला नाही, असे शामराव म्हणतात.

त्या पावसाळ्यापासून पाळ बसू लागली. वरच्या अंगाचे पाणी पाळीशी साठायचे, जुन्या वाटेने आत शिरायचे, पोटातली माती भिजवायचे आणि रूळ हातभर खाली जायचे. मग गँग यायची, जॅक लावून रूळ उचलायची, खाली खडी ठासायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. छोटी गाडी हलकी होती, तरी पावसाळ्यात ती पाळीअलीकडे थांबायची. लोक उतरायचे, पाळीवरून चालत पलीकडे जायचे, मागून रिकामी गाडी गोगलगायीसारखी यायची आणि लोक पुन्हा चढायचे. तीन पिढ्यांनी असा प्रवास केला. कोणाला त्यात नवल वाटत नसे.

त्या आज्याचा नातू इस्तारी कापगते पुढे याच गँगचा मुकादम झाला. त्याचा पाय फार जाणता होता, असे सांगतात. तो पाळीवर अनवाणी चालायचा आणि माती आत ओली आहे की कोरडी, हे तळव्याने ओळखायचा. गाडी थांबली की लोक खिडकीतून त्यालाच विचारायचे, मुकादम, बसू का? त्याने बसा म्हटले तर बसायचे, नाही तर उतरायचे.

तो मुकादम झाला त्याच वर्षी त्याची धाकटी बहीण जयतुरा माहेरपण आटोपून सासरी निघाली होती. मांडीवर तीन महिन्यांची लेक. पाऊस असा होता की समोरचे इंजिन दिसेना. सगळे उतरू लागले, तेव्हा जयतुराने खिडकीतून भावाला हाक मारली. पोर भिजेल, बसू का, असे तिने विचारले. इस्तारी पाळीवर जाऊन आला, चार ठिकाणी पाय दाबून पाहिला आणि तिला बस म्हणाला. पाळीच्या मध्यावर तो डबा हळूच कलंडला. आपटला नाही, दमलेल्या बैलासारखा कुशीवर आडवा झाला. लेकीला खरचटलेसुद्धा नाही. जयतुराचा उजवा पाय मात्र गुडघ्यापासून तुटला. सासरच्यांनी तिला महिनाभर ठेवून घेतली आणि मग भावाकडे पोहोचती केली. ती जन्मभर तिथेच राहिली.

इस्तारी खचला. त्याला वाटले, पाय चुकला. त्याचे हे रोजचे जळणे बापाला बघवेना. एका दुपारी ओसरीत बसून म्हाताऱ्याने त्याला शिळेची गोष्ट सांगितली. तुझा पाय चुकला नाही, खाली आपला तुडुम आहे, म्हणाला. इस्तारीने त्या दिवशी गावच्या मातामाय देवीपुढे शपथ घेतली की पाळ पक्की होईपर्यंत मी हिच्यावरून गाडीत बसून जाणार नाही. शपथ साऱ्या गावाने ऐकली. तुडुमाचे मात्र तो कोणाजवळ बोलला नाही, अगदी जयतुराजवळही नाही. आजा गेला होता, थोड्या वर्षांत बापही गेला. आता सांगायचे कोणत्या तोंडाने? तो दर पावसाळ्यात पाळीवर खडी टाकत राहिला. एवढी खडी त्या पाळीने खाल्ली की तिच्यात एक टेकडी उभी राहिली असती, असे म्हणतात.

अशी बरीच वर्षे गेली. जयतुराची लेक मोठी झाली आणि लाईनीच्या दुसऱ्या टोकाला, तालुक्याच्याही पुढे दिली. लग्नाला वर्ष झाले नाही तोच मोठ्या लाईनीचा हुकूम आला. छोटी गाडी बंद झाली, रूळ उचलून नेले. दोन वर्षांत मोठी गाडी येणार, असा फलक हॉल्टवर लागला. फलक गंजून खाली पडला तरी गाडी आली नाही. सात वर्षे लागली.

ती सात वर्षे हिरडाटोल्याने कशी काढली हे ज्याचे त्यालाच ठाऊक. बस यायची तेव्हा यायची. काळीपिवळी जीपला माणसे बाहेरून लोंबकळत. दवाखान्याला जायचे तर खाटेवर घालून डांबरी सडकेपर्यंत न्यावे लागे. कुबडी घेतलेल्या जयतुराला बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या आणि जीपमध्ये तिला कोणी घेत नव्हते. लेकीला दोन मुले झाली. ती मोठी झाली की सुटीत येतील, असे लेक निरोपात सांगायची. एकदाच येऊन गेली. जयतुरा रोज संध्याकाळी हॉल्टच्या ओट्यावर येऊन बसायची. रूळ नाहीत, गाडी नाही, तरी बसायची. मोठ्या गाडीचे दार रुंद असते, फलाटाला लागून असते, त्यात मला चढता येईल, असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मोठ्या लाईनीची पाळ दुप्पट रुंद झाली, रोलर फिरले, नवे रूळ पडले. ती दोन पावसाळ्यांत दोनदा बसली. कंत्राटदार पळाला, दुसरा आला. तिसऱ्या खेपेला उन्हाळ्यात काम संपले आणि गाडीची तारीख ठरली. लाईनीवर तेव्हा नाईकवाडे नावाचे साहेब होते. सरळ माणूस. तारखेला चार दिवस राहिले असताना ते पाळीवर इस्तारीजवळ आले. इस्तारीच्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष होते.

साहेब म्हणाले, "मुकादम, कागद म्हणतो पाळ पक्की आहे. तुमचा पाय काय म्हणतो?"

इस्तारीने एक दिवस मागून घेतला.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी सारे गाव त्याच्या अंगणात जमले. कोणी दटावले नाही, कोणी आवाज चढवला नाही. भांडायचे त्राणच कोणात उरले नव्हते. एवढेच म्हणत होते की मुकादम, एकदा हो म्हणून टाका, पुढचे पुढे पाहू. शेवटी जयतुरा कुबडी टेकत समोर आली.

"दादा, येक डाव म्हन ना पक्की हाये म्हनून. मले पोरीच्या घरी जायचं हाये. मी थकली आता."

इस्तारी उठून आत गेला. एक हो म्हटले की बहीण लेकीला भेटत होती, गावाची वनवासातून सुटका होत होती आणि घराची अब्रूही झाकलेली राहत होती. आणि उन्हाळ्यात पाळ कोरडी असते. चार महिने ती खुशाल तग धरेल, हे त्याला कळत होते. पाचव्या महिन्यात काय होईल, तेही कळत होते. छोट्या गाडीचा डबा कुशीवर निजला होता. मोठी गाडी निजणार नव्हती, ती खाली जाणार होती.

सकाळी साहेब आले. गाव जमलेलेच होते. इस्तारी पाळीवर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला.

"साहेब, पाळ पक्की नाई. खाली तुडुम जित्ता हाये. माह्या आज्यानं झाकला, बापानं मले सांगतला, अन् मी अठ्ठावीस वर्सं गिळून बसलो. जयतुराचा पाय या पाळीनं नाई घेतला. आमच्या घरानं घेतला."

जयतुरा कुबडी उचलून घराकडे निघाली. तिला आधार द्यायला इस्तारी पुढे झाला, तर तिने हात झटकला.

तारीख पुढे गेली. नवी कोरी पाळ खोदली. जुन्या मातीच्या बुडाशी शिळा लागली आणि ती सरकवताच भर उन्हाळ्यात आतून पाणी आले, थंड आणि नितळ. त्या पाण्यासोबत एक आंधळा, पांढराफटक मरळ मासा बाहेर आला, म्हणे. शामराव म्हणतात, मी तेव्हा तिथे होतो, मासा मला दिसला नाही. पण पाणी मी प्यालो आहे.

पाण्याला वाट ठेवायची म्हणून तुडुमाच्या जागी पक्की मोरी बांधायचे ठरले आणि त्यात आणखी दीड वर्ष गेले. गाव इस्तारीशी बोलेनासे झाले. दोष द्यायचा तर कोणाला, हे त्यांनाही कळत नव्हते, पण गाडी त्याच्या तोंडून थांबली होती, एवढे सगळ्यांना दिसत होते. जयतुरा एकाच घरात राहून त्याच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, समोर सरकवायची आणि आत जायची. दुसऱ्या हिवाळ्यात तिला ताप भरला. सडकेपर्यंत न्यायला खाट बांधली, तेव्हा ती म्हणाली, राहू द्या, आता जीव दमला. मग तिने भावाला जवळ बोलावले.

"सांगतलं ते बरं केलं, दादा," ती म्हणाली. "पन लय उशीर केला."

ती गेली तेव्हा मोरीचे दगड बसवणे चालू होते. लेक आली ती जीपने, तिसऱ्या दिवशी.

त्यानंतर पूर्ण एक पावसाळा पाळ जागची हलली नाही आणि मोठी गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी सारे हिरडाटोला डब्यात चढले. इस्तारी तेव्हा सेवानिवृत्त झाला होता. त्याला नाईकवाडे साहेबांनी स्वतः हात धरून आणले आणि खिडकीपाशी बसवले. शपथ फिटली होती, पाळ पक्की होती, हे त्याच्या पायाने त्याला केव्हाच सांगितले होते. गाडी सुटली. पाळ दिसू लागली. अडीच वर्षांत कोणी त्याच्याशी धड बोलले नव्हते, पण तोंडातली सवय जात नाही. कोण्या म्हातारीने विचारलेच, "मुकादम, बसू का?"

इस्तारी उठून उभा राहिला.

"तुमी बसा," तो म्हणाला. "पाळ पक्की हाये. पन जयतुरा नाई बसली, मी कसा बसू?"

तेव्हा ती म्हातारी उठली, तिच्या शेजारची उठली, आणि पाळ सरेपर्यंत त्या डब्यात कोणी बसलेले राहिले नाही, असे सांगतात. इस्तारी पुढे चार वर्षे जगला आणि त्या वाटेने गेला तेव्हा उभाच राहिला. तो गेल्यावरही लोकांनी उभे राहणे सोडले नाही.

पुढे लाईनीवर तारा आल्या, विजेचे इंजिन आले, वेग वाढला. छोट्या गाडीला पाळ ओलांडायला अर्धी घटका लागे. आता दहा अंक मोजेपर्यंत ती मागे पडते. आजही हिरडाटोल्याची माणसे पाळीवरून बसून जात नाहीत. पण वय झालेल्यांना एवढ्या थोड्या वेळात उठवत नाही. गुडघ्यावर हात देऊन उभे राहेपर्यंत पाळ निघून जाते, याची त्यांना फार चुटपुट लागते. म्हणून गावच्या म्हाताऱ्या बायका आता एक करतात. फलाटावरून गाडीत चढतात, समोर बाक रिकामा असतो, तरी बसत नाहीत. दांडा धरून उभ्या राहतात आणि पाळ गेली, असे कोणी सांगितले की मग टेकतात.