बुधवारची कॉफी

"माझ्या कॉफीत काय कमी आहे, बुवा?"

चिदंबरबुवा तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी आधी तांब्या पुरता रिकामा केला.

"काही नाही."

"मग दर बुधवारी स्टँडवर कशाला जाता?"

"कॉफी प्यायला."

भरमाण्णा पायरीशी उभा होता. त्याच्या पायाजवळ कपड्यांचं गाठोडं होतं. सकाळची आंघोळ झाल्या झाल्या त्यानं ते बांधलं होतं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या सकाळी मठातल्या चुलीवर कॉफीचं आधण चढलं नव्हतं.

मलप्रभा नदीच्या काठी, खानापूरपासून दीडेक मैलावर बुवांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर कौलारू तीन खोल्या, पुढं पडवी, मागं विहीर आणि एक गाय. बुवा ऐंशीच्या घरात पोचले होते. माणसं यायची, पडवीत बसायची, आपापलं दुखणं सांगायची. बुवा बहुतेक वेळा नुसतं ऐकून घ्यायचे. माणसं हलकी होऊन परत जायची.

भरमाण्णा देसूरकर असाच एक दिवस आला आणि बसला, तो बसलाच. जन्म याच मुलखातला, पण उमेदीची सगळी वर्षं चिकमगळूरला कॉफीच्या कारखान्यात गेलेली. काम मोठं अजब होतं. कॉफी चाखायची. चमचाभर कॉफी सुर्रकन तोंडात ओढायची, जिभेवर घोळवायची आणि थुंकून टाकायची. सव्वीस वर्षं त्यानं रोज हेच केलं. एका चमच्यावरून तो सांगायचा, की हा माल डोंगराच्या कुठल्या अंगाचा, वाळत घातला तेव्हा त्यावर पावसाची सर आली होती का नव्हती. तो हो म्हणेपर्यंत मालकसुद्धा पोतं शिवू देत नसत.

मग बायको गेली. मूलबाळ नव्हतं. नोकरी संपली तसा तो गावाकडं, देसूरला परतला.

त्याला बुवांकडून मंत्र हवा होता. बुवांनी विचारलं, तुला काय येतं? तो म्हणाला, कॉफी येते. बुवा म्हणाले, मग कर.

तेव्हापासून रोज सकाळी तो लोखंडी कढईत पसाभर बिया भाजायचा. हातानं फिरवायच्या यंत्रात त्या दळायचा. चिकमगळूरहून आणलेल्या पितळी फिल्टरातून अर्क थेंबथेंब उतरवायचा. दूध गाईचं, एकदाच उकळलेलं. वास नदीपलीकडं जायचा. काही माणसं बुवांच्या दर्शनाला येतात की भरमाण्णाच्या कॉफीला, असं लोक थट्टेनं म्हणत. भरमाण्णाला ती थट्टा आवडायची.

पहिला पेला बुवांचा. तो त्यांच्या हाती देऊन भरमाण्णा समोर हात जोडून उभा राहायचा, शेवटचा घोट संपेपर्यंत, त्यांच्या तोंडाकडं बघत. बुवा पेला खाली ठेवायचे आणि मान हलवायचे. तेवढ्या मान हलवण्यावर त्याचा सगळा दिवस जायचा.

आणि काल खानापूरचे बाबूराव मेणसे हसत हसत बोलून गेले होते. बुवा दर बुधवारी टपाल टाकायला म्हणून येतात ना, ते टपाल टाकून झालं की सरसाक्काच्या टपरीवर बसतात. कॉफी घेतात. वर्षानुवर्षं.

सरसाक्काची कॉफी भरमाण्णाला ठाऊक होती. त्यानं ती एकदा तोंडात घेतली होती आणि तिथंच गटारात थुंकली होती.

"ज्याची सेवा देवाला रुजू नाही," तो म्हणाला, "त्यानं देवळात कशाला राहायचं? मी जातो, बुवा."

बुवांनी तांब्या कट्ट्यावर पालथा घातला. भिंतीला टेकवलेली काठी घेतली.

"गाडी स्टँडवरच मिळेल," ते म्हणाले. "चल, मीही येतो. आज बुधवार आहे."

वाटेनं भरमाण्णाच बोलत होता. त्या कॉफीत निम्मी चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळांची स्वस्त पूड असते, हे त्यानं सांगितलं. दूध सकाळपासून स्टोव्हवर रटरटत असतं. एकदा उतरलेल्या चोथ्यातूनच पुन्हा अर्क काढतात. घरात चांगली कॉफी असताना माणसं बाहेर जाऊन ही पितात, याला काय म्हणायचं? एक तर जीभ मेलेली असते, नाही तर घरात कुणी विचारत नसतं. तिसरं कारण असूच शकत नाही.

बुवा काठी टेकत चालत होते. भुईमूग काढून मोकळ्या झालेल्या शेतात बगळे उतरले होते, त्यांच्याकडं बघत होते.

"मी चुकीचं बोलतोय काय?" भरमाण्णानं विचारलं.

"नाही," बुवा म्हणाले.

टपरी स्टँडच्या कडेला होती. वर पत्रा, पुढं दोन बाकं, आत स्टोव्हची घरघर. सरसाक्का पन्नाशीची, दणकट, पदर कमरेला खोचलेली. मठात बुवा बसल्याशिवाय कुणी बसत नसे. इथं बुवा आले तसं कुणी उठलं नाही. बाकावर एक कंडक्टर पेपरातलं कोडं सोडवत होता, तो पेपरातून डोकं न काढता थोडा सरकला.

"बसा की, आजोबा," सरसाक्का म्हणाली. "आज दोघं?"

तिनं दोन पेले आणून बाकावर टेकवले आणि पाठ फिरवली. पलीकडं कुणाला तरी गाडीच्या वेळेवरून दटावत ती पुन्हा स्टोव्हपाशी गेली.

बुवांनी चपला काढल्या. पेला दोन्ही तळव्यांत धरला. एक घोट घेतला आणि रस्त्याकडं बघत राहिले.

भरमाण्णा त्यांच्याकडं बघत होता. बुवांचे खांदे खाली आले होते. एक पाय बाकाखाली मंद हलत होता. तीन वर्षं रोज सकाळी त्यानं हे तोंड न्याहाळलं होतं, पण हे असं तोंड त्याला कधी दिसलं नव्हतं.

त्यानं आपला पेला उचलला. घोट घेतला, सवयीनं जिभेवर घोळवला आणि थुंकायला गटाराकडं वाकला.

"आज गीळ," बुवा म्हणाले.

त्यानं गिळलं.

कॉफी त्यानं सांगितली होती तशीच होती. चिकोरी निम्म्याहून जास्तच. आता सरसाक्का बघेल, विचारेल, मग आपण काय ते सांगू, म्हणून तो वाट बघत राहिला. सरसाक्कानं बघितलं नाही. कंडक्टरनं बघितलं नाही. टोपल्या घेऊन बसलेल्या बायका आपल्या बोलण्यात होत्या. पेला हातात धरून बसलेला भरमाण्णा कॉफीतला जाणकार आहे, हे त्या सगळ्या स्टँडवर कुणाच्या गावीही नव्हतं.

त्यानं दुसरा घोट घेतला. मग तिसरा…

"अनसू जायची," तो म्हणाला.

बुवांनी मान वळवली नाही.

अनसूया त्याची बायको. लग्न होऊन चिकमगळूरला गेली तेव्हा तिला कानडीचा शब्द येत नव्हता. कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या होत्या. सुरुवातीला कॉफी तीच करायची. भरमाण्णा पहिल्या घोटालाच सांगायचा, पाणी फार तापलंय. पूड परवाची आहे. दूध आधी ओतलंस. तो रागवायचा नाही, कारखान्यात जसं सांगायचा तसं सांगायचा. ती मान हलवायची. हळूहळू तिनं कॉफी करणं सोडलं. मग तोच करू लागला. पेला तिच्या हातात द्यायचा आणि समोर उभा राहायचा, ती "चांगली झालीय" म्हणेपर्यंत. ती रोज म्हणायची.

गुरुवारी बाजार असायचा. बाजार ती एकटी करायची. एका गुरुवारी भरमाण्णाची दाढ ठणकायला लागली, म्हणून तो दुपारीच कारखान्यातून निघाला. बाजारासमोर एक हॉटेल होतं. त्याच्या खिडकीतून त्याला अनसूया दिसली.

ती एकटीच बसली होती. भाजीची पिशवी पायाशी. स्टीलचा पेला दोन्ही हातांत. ती बाहेर बघत होती, पण कशाकडंच बघत नव्हती. आणि जराशी हसत होती.

तसं तोंड त्यानं त्याआधी एकदाच पाहिलं होतं. तिला बघायला म्हणून तो पहिल्यांदा तिच्या गावी गेला त्या दिवशी. ती अंगणात भुईमुगाच्या वेलांच्या शेंगा तोडत बसली होती आणि पाहुणे आलेत हे तिला अजून कळलं नव्हतं.

हॉटेलात तो गेला नाही. घरी येऊन बसला. संध्याकाळी तिला विचारलं, माझ्या कॉफीत काय कमी आहे?

"काय म्हणाली?" बुवांनी विचारलं.

"काही नाही म्हणाली."

बुवांनी आपला पेला खाली ठेवला.

भरमाण्णाचा आवाज खाली आला. त्या गुरुवारनंतर अनसूया बाजारातून सरळ घरी यायला लागली. त्यालाच बरं वाटलं होतं. कारखान्यात त्यानं कौतुकानं सांगितलंही होतं, की आमच्या घरचं माणूस बाहेरची कॉफी तोंडात घेत नाही. पुढं चार वर्षांनी ती गेली. दवाखान्यात शेवटच्या दिवसांतसुद्धा तो घरून कॉफी करून न्यायचा. दोन घोट घ्यायची आणि म्हणायची, चांगली झालीय.

"पुन्हा कधी गेली नाही, बुवा… मी जाऊ नको म्हणालो नव्हतो. नुसतं विचारलं होतं."

त्यानं खांद्यावरचा पंचा ओढून घेतला.

बुवांनी ते बघितलं. मग त्यांनी सावकाश एक पाय उचलून बाकापलीकडं टाकला, दुसरा टाकला आणि भरमाण्णाकडं पाठ करून बसले. काठी गुडघ्यांत धरली. स्टँडच्या मागच्या चिंचेकडं बघत राहिले.

गाडी आली. कंडक्टरनं पेपर घडी करून खाकेत मारला. सरसाक्कानं आतूनच हाक दिली, देसूर-बेळगाव कोण हाय काय?

कुणी उठलं नाही.

गाडी गेली. धूळ उडाली, हळूहळू खाली बसली. भरमाण्णा डोळ्यांना पंचा लावून रडत होता. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. बायका बोलत होत्या, स्टोव्ह घरघरत होता, बुवांची पाठ तशीच होती.

बऱ्याच वेळानं त्यानं पंचा खाली घेतला. कॉफी गार होऊन गेली होती. वर साय धरली होती. त्यानं ती सायीसकट प्यायली, तळाशी साखरेचा साका होता तोही पेला तिरका करून घेतला. आयुष्यभर कॉफीत राहिलेल्या त्या माणसानं दुसऱ्याच्या हातची कॉफी पेलाभर कधी प्यायली होती, ते त्याला आठवेना.

सरसाक्का येऊन पेले उचलून गेली. तिनं काही विचारलं नाही.

बुवा उठले. चपला घातल्या. एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातात भरमाण्णाचं गाठोडं घेतलं आणि मठाच्या वाटेनं चालायला लागले. भरमाण्णा लगबगीनं मागून गेला आणि त्यानं गाठोडं त्यांच्या हातातून काढून घेतलं. बुवांनी दिलं.

दोघं नदीपाशी आले. ऊन वर आलं होतं. पाणी संथ होतं, गुरं पलीकडं उतरत होती. उताराशी आल्यावर भरमाण्णा थांबला. विचारावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. स्टँडपासून एकच गोष्ट त्याच्या छातीत अडकून होती… खरं तर पंधरा वर्षांपासूनच.

"बुवा."

बुवा थांबले.

"दर गुरुवारी ती तिथं जाऊन बसायची. एकटी. हसत होती ती, मी बघितलं." त्यानं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "घटकाभर घर विसरायला जात होती काय ती? मला विसरायला?"

बुवा पाण्याकडं बघत राहिले. एक म्हैस पोहत मधोमध आली होती. ती काठाला लागेपर्यंत ते बघत होते…

"घरात बसून कुणाला घराची आठवण येते, भरमा?"