पाळण्याजवळची छोटी लेन्स

किंमत बघून कुवत ठरवणाऱ्यांनी आजवर कितीतरी चेहरे अंधारात घालवले आहेत.

लेन्स एकमेकींशी बोलत, तेव्हाची गोष्ट. फोटोग्राफर हेमांगीच्या बॅगेत एक स्वस्त, छोटी लेन्स होती. "तुला बसल्या जागी लांबचं जवळ आणता येत नाही," असं महागडी झूम लेन्स तिला चिडवायची.

एका बारशाला बाळ झोपलं, म्हणून दिवे मंद केले गेले आणि फ्लॅशला मनाई झाली. झूमचे फोटो काळपट, हललेले येऊ लागले. तेवढ्यात बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या उठली. हेमांगीने घाईघाईने छोटी लेन्स लावली.

"मला जवळ ने. माझा डोळा झूमपेक्षा मोठा उघडतो, उजेड मी गोळा करते," छोटी म्हणाली.

हेमांगी पाळण्यापाशी गेली. आत्याचे पुटपुटणारे ओठ आणि बाळाचं झोपेतलं हसू फोटोत स्वच्छ उमटलं.

फ्लॅश बॅगेतून म्हणाला, "बरं झालं बाई. बाळासोबत आज मलाही झोप मिळाली."