मनोऱ्यावर न चढलेला गवंडी

समुद्राकाठी एक लहानसं बंदर होतं. ही गोष्ट तिथली, आणि फार जुनी.

त्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक होते. भरतीच्या वेळी ते दिसत नसत, आणि दर वर्षी एखादं तरी गलबत त्यांच्यावर आपटून फुटायचं. शेवटी बंदरातल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की टेकडीवर उंच मनोरा बांधायचा आणि त्यावर रोज दिवा लावायचा. काम दाजीशेट नावाच्या बांधकाम करणाऱ्याकडे आलं. मुदत होती होळीपर्यंतची.

दाजीशेट तसा वाईट माणूस नव्हता. मजुरी वेळच्या वेळी द्यायचा, भर उन्हात स्वतः उभा राहायचा. पण एकदा काय झालं, पोट दुखतंय म्हणून घरी राहिलेला त्याचा एक पाणक्या त्याच दिवशी शेजारच्या गावच्या जत्रेत पाळण्यात बसलेला त्याला दिसला. तेव्हापासून कुणी आजारी पडल्याचा निरोप आला की दाजीशेटच्या कपाळाला आठी पडायची. सगळेच आपल्याला फसवतात असं त्याला वाटू लागलं.

मग त्याने अंतोबाला कामाला ठेवलं. अंतोबा म्हातारा होता, पूर्वी बंदरावर शिपाई होता आणि सांगितलेलं काम चोख करण्याबद्दल त्याचं नाव होतं. जो कुणी आजारी म्हणून घरी राहील त्याच्याकडे न कळवता जायचं, अंगाला हात लावून बघायचं आणि बघितलं ते येऊन सांगायचं, एवढंच त्याचं काम. दाजीशेटने त्याला खूणही सांगून ठेवली होती. माणूस झोपलेला दिसला तर आजारी, उठून बसलेला दिसला तर लबाड.

महिन्याभरात ही खूण सगळ्या वस्तीला पाठ झाली. चुना मळणाऱ्या एका बाईला खोकल्याने हैराण केलं होतं, पण वैद्य नदीपलीकडे राहायचा आणि आपण गेल्यावर अंतोबा आला तर काय, म्हणून ती औषधाला गेलीच नाही. दुसरा एक जण बरा होत आला होता, अंगणात ऊन खात बसावं असं त्याला वाटायचं, तरी तो अंधाऱ्या खोलीत पडून राहिला. आणि तो जत्रेतला पाणक्या? तो सकाळी चुलीपुढे बसून कपाळ तापवून घ्यायचा, मग गोधडी ओढून कण्हायचा. अंतोबाने त्याला तीनदा तपासलं आणि तीनदा खरा आजारी ठरवलं.

मनोऱ्याच्या अगदी वरचं काम तुळाजी गवंडी करायचा. जांभ्या दगडाचा जड चिरा तो असा बसवायचा की सांध्यात नख शिरू नये. एका सकाळी तो अंथरुणातून उठला आणि सगळं घर त्याच्याभोवती गरगर फिरलं. भिंत धरून तो खाली बसला. बायको सगुणा त्याला होडीतून पलीकडे वैद्याकडे घेऊन गेली. वैद्याने सांगितलं की ही घेरी कानातल्या दुखण्याची आहे, पंधरा दिवसांत जाईल, पण तोवर उंचावर पाऊल ठेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी अंतोबा आला तेव्हा तुळाजी ओटीवर बसून खराट्यासाठी झावळीचे हीर काढत होता. समोर त्याची लहान मुलगी काहीतरी बडबडत होती आणि तो हसत होता. अंतोबाने कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. त्याने काही विचारलं नाही, कारण विचारायचं काम त्याला दिलेलंच नव्हतं. त्याने परत येऊन सांगितलं की ताप नाही, बसलेला होता, हसत होता.

दाजीशेटने तुळाजीला बोलावून घेतलं. तुळाजी सगुणाच्या खांद्यावर हात ठेवून टेकडी चढून आला. वैद्य काय म्हणाला ते त्याने सांगितलं. आपण खाली बसून चिरे घडवायला आजपासून तयार आहोत, फक्त वर चढणार नाही, हेही सांगितलं.

दाजीशेट म्हणाला, "चिरे घडवणारे माझ्याकडे आहेत. वर बांधणारा नाही. तुझा आजार मला तर कुठे दिसत नाही."

"तो बाहेरून दिसणारा नाही, शेट."

"मग मी तो खरा का मानू? उद्या सकाळी वर चढ, नाहीतर इथे येऊ नकोस."

हे काम गेलं तर दुसरं मिळायला किती दिवस लागतील ते तुळाजीला ठाऊक होतं. त्याने मनोऱ्याकडे पाहिलं. पायथ्याशी बायका डोक्यावर चुन्याची घमेली घेऊन ये-जा करत होत्या.

"मी चढणार नाही," तो म्हणाला. "मी एकटाच खाली पडलो तर माझं मी बघून घेईन. पण माझ्या हातातून चिरा निसटला तर तो या बायकांच्या डोक्यात पडेल. तुम्ही काढून टाकलंत तरी मी चढणार नाही."

आणि तो सगुणाच्या खांद्याला धरून, एकेक पाऊल टाकत, टेकडी उतरून गेला. घरी गेल्यावर सगुणाने त्याला एकाही शब्दाने दोष दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे बंदरावर मासळी निवडायला जाऊ लागली.

तुळाजीच्या जागी धाकू नावाचा गवंडी वर गेला. तोही हाताचा कसबी होता. चार दिवस काम नीट चाललं, मग धाकूला एक दिवसाआड ताप येऊ लागला. सकाळी अंग गार असायचं, दुपार झाली की हुडहुडी भरायची. आईने त्याला घरी राहायला सांगितलं. पण तुळाजीचं काय झालं ते धाकूने डोळ्यांनी पाहिलं होतं. तो कुणाला काही न सांगता बांबूंच्या परांचीवर चढत राहिला.

तापाच्या तिसऱ्या पाळीला, दुपारी, चिरा उचलताना त्याचे हात लटपटू लागले. चिरा निसटला. तो परांचीचे दोन बांबू मोडत खाली गेला आणि एका बाईच्या दंडावर आदळून जमिनीत रुतला. ती ओरडून खाली बसली. तिचा हात मोडला होता. चिरा वीतभर डोक्याकडे पडला असता तर ती वाचली नसती.

वर धाकू भिंतीला मिठी मारून बसला होता. उतरायची वाट मोडली होती आणि अंगात उभं राहण्याचं त्राण नव्हतं. दोघा मजुरांनी दुसऱ्या बाजूने चढून त्याला कमरेला दोर बांधला आणि हळूहळू खाली सोडलं. दाजीशेटने त्याला स्वतःच्या हातांनी धरून खाली ठेवलं, तेव्हा त्याचं अंग निखाऱ्यासारखं भाजत होतं.

"इतका ताप असताना आलास कशाला?" दाजीशेटने विचारलं.

"सकाळी अंग गार असतं," धाकू कसाबसा म्हणाला. "अंतोबा सकाळी येतात. मला कोण खरं मानणार होतं?"

दाजीशेटने आधी जखमी बाईला आणि धाकूला आपल्या बैलगाडीतून धक्क्यावर आणि तिथून होडीने वैद्याकडे पाठवलं. मग अंतोबा त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"शेट, हे काम माझ्याकडून काढून घ्या," अंतोबा म्हणाला. "मी जे पाहिलं ते खरंच सांगत आलो. पण तुळाजीला काय होतंय, हे मी त्याला विचारलंच नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. त्याने सांगितलं, ते आपण ऐकलं नाही."

त्याच दिवशी दाजीशेट एकटा तुळाजीच्या घरी गेला. तुळाजी अंगणात भिंतीला हात लावून चालत होता. दहा पावलं टाकायचा, थांबायचा, मान वळवून बघायचा, पुन्हा दहा पावलं टाकायचा. कुणी बघत नव्हतं तरी त्याचं हे चाललं होतं. दाजीशेट कुंपणापाशी बराच वेळ उभा राहिला. मग आत जाऊन म्हणाला, "तुळाजी, चूक माझी झाली. तू परत ये."

तुळाजीने त्याला ओटीवर बसायला सांगितलं. सगुणाने पाणी आणून दिलं.

"येईन," तुळाजी म्हणाला. "पण वर कधी चढायचं ते मी सांगेन. आणि कुठलाही माणूस 'आज मला जमणार नाही' म्हणाला, तर तो दिवस त्याला खाली काम द्यायचं किंवा घरी राहू द्यायचं. हे मान्य असेल तर येतो."

"कुणी त्याचा फायदा घेतला तर?"

"एखादा घेईल. त्याच्यापायी बाकीच्यांना तुम्ही वरून पाडायचं का?"

दाजीशेटने मान खाली घातली आणि अट कबूल केली. मोडलेल्या हाताच्या बाईचा सगळा खर्च आणि ती बरी होईपर्यंतची मजुरीही त्याने स्वतःहून द्यायचं ठरवलं. व्यापाऱ्यांकडे जाऊन त्याने मुदत वाढवून मागितली. ते रागावले, चार शब्द सुनावले, पण शेवटी तयार झाले.

अंतोबा आजाऱ्यांकडे जातच राहिला, पण आता काढा घेऊन. गेल्यावर आधी विचारायचा, काय होतंय आणि काय हवंय. पाणक्याकडे तो दोन वेळा कडू काढा घेऊन बसला, आणि वाटी रिकामी होईपर्यंत हलला नाही. तिसऱ्या दिवशी पाणक्या सगळ्यांच्या आधी टेकडीवर हजर होता.

कामावर परतल्यावर सहाव्या दिवशी तुळाजी म्हणाला, आता मी वर जातो. कुणी त्याला तपासलं नाही. तो चढला आणि कामाला लागला. मनोरा होळीनंतर महिन्याने पुरा झाला. शेवटचा चिरा बसला त्या दिवशी खाली चुना वाहणाऱ्या बायका नेहमीसारख्या बोलत ये-जा करत होत्या, आणि वरून काही पडेल या धास्तीने वर बघायला त्यांच्यातली एकही थांबली नाही.

तात्पर्य एवढंच: आजारी माणसाच्या दारी चोर पकडायला गेलं, तर लबाड सुटतो आणि खरा आजारी कोसळेपर्यंत राबत राहतो, म्हणून जायचंच तर त्याला काय होतंय ते विचारायला जावं, आणि तो सांगेल ते ऐकावं.