नायबाला हळद

परक्या राजाचं राज्य संपलं, मुलूख स्वतंत्र झाला. पण कायद्यावर राजाच्या नावानं शिक्का मारायला त्याचा एक नायब तेवढा मागं ऱ्हायला. शिक्का मारून मारून गडी फुगला. एकदा गावात आला, गावानं रीतीनं हार घातला, तर म्हणतो, "मलाच राजा समजा. हे कुरण आजपासनं माझ्या शिकारीला."

मेंढरं उपाशी मरायची पाळी. सिदू धनगर तडकला.

"सरकार, नवरा लांब असला की आमच्यात त्याच्या तलवारीशी लगीन लावत्यात. तलवारीला हळद लागती, मुंडावळ्याबी बांधत्यात."

"मग?" नायब खुलला.

"मग खुंटीला टांगत्यात. नवरी काय तिच्याशी संसार करत न्हाई."

सारं गाव खदाखदा हसलं. नायब हार सावरत गाडीकडं वळला. गाडी हलायच्या आधीच सिदूची मेंढरं कुरणात शिरली.