न भरणारा खड्डा

“पण बाबा, नवं बोअर मारू कुठं?”

कमालबाबा अजून गोठ्याच्या फाटकातच होते. संपतराव डुबलांना दम निघत नव्हता. गोठ्यात पन्नासेक संकरित गाई, आणि गाईला बांधावी तसली जाड साखळी यांच्याच गळ्यात. सोन्याची.

बाबा तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरायचे. नारळ उभा राहिला की खाली पाणी. आम्ही चेले मागं मागं. पाणी आम्हाला कळलं नाही, खोबरं मात्र पुष्कळ पोटात गेलं.

“जुन्या बोअरला काय झालं?”

“पाणी तपासणीत नापास झालं. तान्ह्या लेकराच्या दुधात घालाल तर जिवावर बेतेल, म्हणाले. सून नातवाला घेऊन माहेरी गेली. पाणी सुधारल्याशिवाय येत नाही म्हणते.” संपतरावांचा आवाज खाली आला. “नातू अजून मांडीवर घेतला नाही, बाबा.”

बाबा चालू लागले. नारळ गप्प. गोठ्यामागं ते थांबले.

“हे काय?”

“शेणामुताचा खड्डा. गोठा धुतलेलं सगळं यात.” संपतराव पुन्हा फुगले. “बरकत बघा. वडलांनी खणलाय, आजवर एकदाही भरला नाही. शेजाऱ्याचा दर पावसाळ्यात रस्त्यावर येतो.”

“एकदाही नाही?”

“नाव नको.”

बाबांना भलतीच मजा वाटली. उकिडवे बसले, वाकून आत बघू लागले. आम्ही नाकाला पदर नाही म्हणून टोपी लावली.

“मग जातं कुठं?”

“मुरतं की.”

“कशात?”

“जमिनीत.”

“मग?”

“मग काय... जातं खाली.”

“खाली काय आहे?”

संपतरावांनी तोंड उघडलं... उघडंच राहिलं. एक माशी आत डोकावून परत आली. पलीकडं पंपाच्या खोलीत जुनं बोअर घुरघुरत होतं. त्यांनी तिकडं पाहिलं, खड्ड्याकडं पाहिलं...



“नवं खोल मारतो,” शेवटी ते पुटपुटले. “जुन्याच्या दुप्पट. तिथं तरी चांगलं असेल ना, बाबा?”

बाबांनी नारळ माझ्या हातात दिला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

“मला काय विचारतोस? खड्ड्याला विचार. तो तुझ्याआधी खाली पोचलाय.”