तट्ट्यांनी आखलेलं घर

फार पूर्वी, घराचा नकाशा कागदावर न काढता राखेनं जमिनीवर आखायचे, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावाच्या कडेला, बांबूच्या बेटाजवळ, एक बुरूड राहायचा. घरात तो, त्याची बायको, म्हातारी आई आणि नुकतंच रांगायला लागलेलं बाळ. टोपल्या, सुपं आणि बांबूच्या कामट्यांचे पडद्यासारखे तट्टे विणायचे आणि बाजारात विकायचे, हाच त्यांचा धंदा. इतकी वर्षं एका खोपटात निघाली. चूल तिथंच, विणकाम तिथंच, झोपही तिथंच. आता गावानं त्यांना विहिरीजवळची मोकळी जागा दिली होती.

गवंडी येऊन जागा बघून गेला. जाताना म्हणाला, "बाजार झाला की येतो. तोवर कुठं काय पाहिजे ते आखून ठेवा. एकदा माती चढली की भिंत हलायची नाही, आधीच सांगतो."

घर बैठं बांधायचं, हे तर ठरलेलंच होतं. म्हातारीला पायरी चढवत नव्हती आणि बाळाला उतरता येत नव्हती. बाकी सगळं बायको ठरवणार होती. बाळ झाल्यापासून तिला काळजीनं पुरतं घेरलं होतं. बाळ झोपलं तरी ती त्याच्या नाकापुढे बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना म्हणून.

बुरडानं राखेच्या रेघा मारल्या. मधे मोठी खोली, एका बाजूला चूल, पुढे ओसरी. "हे बघ, झालं आपलं घर."

"रेघांवरून काय कळतंय हो?" बायको म्हणाली. "रेघेवर तट्टे उभे करू. मग घर डोळ्यांना दिसेल."

कल्पना चांगली होती, पण घोळ इथंच झाला. दुसऱ्या कुणाला भिंत वाढवायची तर माती आणा, मजूर बोलवा. माणूस दहादा विचार करतो. यांच्याकडे तट्ट्यांचा ढीगच पडलेला. मनात आलं की भिंत उभी.

चुलीत विस्तव असतो, बाळ हात घालेल. लावला तट्टा. विणायच्या जागी कोयता असतो, कामट्यांची कुसळं असतात. तिथंही तट्टा. पलीकडच्या कुंभारणीनं येऊन सांगितलं, "अगं, ओसरीवरून साप सरळ आत येतो." ओसरी बंद झाली. विहिरीकडे तर लावलाच. पुढं कुंभारीणच म्हणाली, "येणारे जाणारे बाळाला बघणार, नजर लागते बाई." मग दारासमोर एक आडवा आला.

शेवटी राहिला सासूचा खोकला. तो बाळाला लागला तर? तिनं सासूची खोली पार मागं नेली आणि मधे तट्ट्यांची रांग लावली.

"आत्याबाई, मागं तुम्हाला निवांत पडेल."

म्हातारीला सगळं कळलं. ती म्हणाली, "पडेल की. इतकं निवांत पडेल की मी मेले तर तुम्हाला तेराव्याला कळेल."

बुरूड डोकं खाजवत म्हणाला, "हे जरा जास्त होतंय का गं?"

"बाळाच्या जिवापुढं जास्त काय असतं?" बायकोनं असं म्हटल्यावर तो बिचारा पुढचा तट्टा आणायला गेला.

म्हातारी मात्र काठी टेकत सगळीकडे फिरून आली. "सूनबाई, ही तर कणगी झाली. कणगीत धान्य नीट राहतं खरं. पण धान्य रांगत नाही गं."

बाजाराचा दिवस आला. बुरूड टोपल्या घेऊन निघताना म्हणाला, "मी येईपर्यंत इथंच राहून बघा. चूल इथंच पेटवा. उद्या गवंडी येतोय."

बायकोनं बाळाला सगळ्यात आतल्या खोलीत, गोधडीवर ठेवलं. चारी बाजूंनी तट्टे. विस्तव लांब, कोयता लांब, विहीर लांब. कितीतरी दिवसांनी तिच्या छातीवरचा दगड उतरला. ती निश्चिंतपणे भाकऱ्या थापायला बसली. वारा सुटला होता आणि सगळे तट्टे करकर करकर वाजत होते.

भाकऱ्या झाल्यावर तिनं हाक मारली. "बाळा..."

उत्तर नाही. झोपलं असेल, म्हणून ती उठून बघायला गेली. गोधडी रिकामी होती. कोपऱ्यातला तट्टा खालून जरासा उचकटलेला.

पहिली आठवली ती विहीर. ती दाराकडे धावली, तर समोर तट्टा. उजवीकडे वळली तर विणायची खोली. तिथून निघाली ती परत चुलीपाशीच आली. स्वतः आखलेल्या घरात तिला वाट सापडेना. हाका मारून मारून तिचा घसा कोरडा पडला आणि तट्टे आपले करकरतच होते.

शेवटी ती जागच्या जागी उभी राहिली. वारा क्षणभर थांबला आणि मागच्या बाजूनं आवाज आला. खोक, खोक. तो सासूचा खोकला होता.

तिनं दार शोधलं नाही. त्या आवाजाच्या दिशेनं समोरचा तट्टा ढकलून पाडला, त्याच्या मागचा पाडला, त्याच्याही मागचा पाडला.

तिथं म्हातारी बसली होती. तिच्यापुढं एक नवी टोपली आणि टोपलीत बाळ, आजीचा पदर चघळत. टोपली विणायला आणलेला कोयता म्हातारीनं उंचावर तट्ट्यात खोचून ठेवला होता.

"आलीस का?" म्हातारीचा आवाज बसला होता. "मघापासून हाका मारतेय, पोर माझ्यापाशी आहे म्हणून. रडून रडून लाल झालं होतं. माझ्या खोकल्याच्या आवाजावर तट्टा उचलून आलं बघ." मग ती हळूच म्हणाली, "उद्या इथं मातीची भिंत असती, तर कुठून आलं असतं?"

सुनेनं बाळाला उचललं आणि सासूच्या शेजारी बसून रडून घेतलं. म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला रडू दिलं.

मग सून उठली, पदर खोचला आणि चुलीपाशी जाऊन बसली. "आत्याबाई, जरा खोका बघू."

"आता खोकायचंही सुनेला विचारून?" म्हातारी म्हणाली, पण खोकली. जो तट्टा तो आवाज अडवत होता तो सुनेनं काढला. बाळाला सगळीकडे रांगू दिलं. जो तट्टा त्याला नजरेआड करत होता तोही काढला. कोयत्यासाठी उंच फळी ठरली. चुलीपुढे बाळाला ओलांडता येणार नाही, पण वरून ते दिसत राहील असा बुटका कठडा ठरला. सासूची खोली मागून उचलून मधल्या खोलीला लागून आली.

विहिरीकडचा तट्टा मात्र तिनं हलवला नाही. उलट त्याला आणखी एक जोडला.

"तो राहू दे," म्हातारीही म्हणाली. "ती काळजी खरी आहे."

संध्याकाळी बुरूड परतला तेव्हा घर ओळखूच येईना. "तट्टे गेले कुठं?"

"पुढच्या बाजारात विका," बायको म्हणाली. "आपल्याला एवढे लागत नाहीत."

गवंड्यानं उरलेल्या तट्ट्यांच्या जागी भिंती घातल्या आणि घर उभं राहिलं. घरभरणीला कुंभारीण आली. इकडे तिकडे बघून म्हणाली, "अगं, एवढं मोकळं? चोर आला म्हणजे?"

"आला तर इथूनच दिसेल मला," चुलीपाशी बसलेली सून म्हणाली.

मागं म्हातारी खोकली, बाळ खिदळलं. सुनेनं मान वळवूनही पाहिलं नाही. निवांत पुढची भाकरी तव्यावर टाकली.

तात्पर्य: जिथं खरा धोका आहे तिथं भक्कम भिंत घालावी, बाकी घर असं असावं की एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जाईल.